मदत हवी आहे: स्टिकर असलेल्या गाडीला पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) करायचंय. वरूनच लावू की स्टिकर काढू?

किनारा_चालक
आज बुधवार. शनिवारी सकाळी गाडी द्यायची आहे, म्हणून घाईत लिहितोय. दोन ठिकाणी विचारलं. कोल्हापूरचा म्हणतो, स्टिकर काढून या, नाहीतर मी हात लावणार नाही. गोव्याचा म्हणतो, काढायची काही गरज नाही, वरून ताणून बसवतो, कळणारसुद्धा नाही. दोघेही छातीठोक बोलतात.

मिरग तोंडावर आलाय. कुडाळ ते सावंतवाडी रोजचं जाणं-येणं आहे. पुढे चिऱ्यांचा नाहीतर खडीचा डंपर आला की बंपरवर टकटक सुरू होते. फेंडरचे दोन टवके आधीच उडालेत. स्टिकर बहिणीने काढलेल्या चित्रांचे आहेत, ते मला गमवायचे नाहीत. बरोबर कोण, एवढंच सांगा. सिरॅमिक कोटिंग सुचवू नका, प्लीज.

पेट्रोलवेडा
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो. मी अलिबागला राहतो, तीन वर्षं सिरॅमिकवर आहे. खारा वारा, कावळ्यांची घाण, आंब्याचा चीक, सगळं पाण्याने निघतं. स्टिकरवरूनही लागतं. फिल्मवर पाऊण-एक लाख कशाला घालवायचे?

फिल्मवाला_घाटावरचा
पेट्रोलवेडा, त्यांची तक्रार टवक्यांची आहे. सिरॅमिकचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, खडीपुढे त्याचा काय टिकाव लागणार? पीपीएफ दीडशे-दोनशे मायक्रॉनची, रबरासारखी मार खाणारी टीपीयू प्लास्टिकची फिल्म असते. धुण्याची सोय वेगळी आणि दगडाचा मार वेगळा.

किनारा_चालक, मी हेच काम करतो. स्टिकर कशा प्रकारचे? कापलेलं व्हायनल की छापलेलं? लॅमिनेशन आहे का? लावून किती दिवस झाले? गाडीला कुठे रंगकाम झालंय का? एवढं कळल्याशिवाय हो-नाही सांगता येत नाही.

तांबडीमाती
अरे पण गाडी खयची, रंग खयचो, स्टिकर कधी लावलेस, कायच सांगूक नाय. मगे उत्तर खयसून देवचा?

किनारा_चालक
गाडी पांढरी, नवीन. स्टिकर छापलेले. लॅमिनेशनचं मला माहीत नाही, रेडियमवाल्याने लावले. या सगळ्याने काय फरक पडतो? प्रश्न साधा आहे.

रेडियमवाला_रत्नांग्री
फरक पडतो दादा, खूप पडतो. सोळा वर्षं रेडियमचं दुकान चालवतोय. छापील व्हायनलवरची शाई नुसतीच वर बसलेली असते. लॅमिनेशन असेल तर ती दोन थरांमध्ये सुरक्षित राहते. नसेल तर फिल्मचा गोंद थेट शाईला चिकटतो. चार-पाच वर्षांनी फिल्म काढाल तेव्हा चित्र फिल्मबरोबर जाईल आणि गाडीवर पांढरं व्हायनल उरेल. बहिणीचं काम जपायचं असेल तर हे आधी बघा.

ओळखायचं असं: कडेला नखाने हलकेच चाचपा. लॅमिनेशन असेल तर कड जाड लागते आणि वर पारदर्शक पापुद्रा जाणवतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे ज्याने छापलं त्यालाच फोन करा.

आरटीओ_वाचवा
कुठलीही फिल्म लावण्याआधी कायदा बघा. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच फिल्मला मनाई केली आहे. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा. माझ्या मेहुण्याला पोलादपूरजवळ दंड भरावा लागला.

फिल्मवाला_घाटावरचा
ते काचेवरच्या काळ्या फिल्मबद्दल आहे. इथे रंगावर लावायच्या पारदर्शक फिल्मची चर्चा चालू आहे.

मूळ प्रश्नाकडे येतो. 'वरून ताणून बसवतो' यात लबाडी आहेच असं मी म्हणणार नाही, फिल्म बसते. पण स्टिकरला जाडी असते, लॅमिनेशन धरून शंभर मायक्रॉनच्या आसपास. त्या पायरीपाशी फिल्म रंगाला टेकत नाही, छोटासा तंबू होतो. त्यात हवा आणि लावतानाचं पाणी अडकतं आणि चित्राभोवती पांढरट रेघ दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, ते पाणी लवकर सुकत नाही. पांढऱ्या गाडीवर सुरुवातीला रेघ कळत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जातो. पुढे तिथे मळ धरला की काळी कड दिसायला लागते.

मुंबय_गाव_मुंबय
माझ्या गाडीवर दारांना पट्टे होते, त्यावरूनच लावून घेतली. दोन वर्षं झाली, काही झालेलं नाही. उगाच घाबरवताय.

फिल्मवाला_घाटावरचा
कंपनीचे पट्टे होते ना? त्यातले काही क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) खाली असतात, हाताला पायरीच लागत नाही. तिथे प्रश्न येत नाही. आणि सरळ पट्ट्याची कड आणि नक्षीदार चित्राची कड यात फरक आहे. जेवढी बारीक नक्षी तेवढे जास्त तंबू.

मुंबय_गाव_मुंबय
कंपनीचेच होते, हाताला लागत होते की नाही ते आठवत नाही. पण मग चित्रं नक्षीदार आहेत हे त्यांनी कुठे सांगितलंय?

किनारा_चालक
गोल आहेत. गंजिफाच्या पानासारखे. बहिणीने सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा बघून चित्रं काढली, रेडियमवाल्याने स्कॅन करून गोल छापली. बॉनेटवर एक मोठं, मत्स्य. दारांवर दोन-दोन. बाहेरची कड साधी वर्तुळ आहे, नक्षी सगळी आतल्या आत.

तांबडीमाती
वा! माझ्या आजोबांकडे जुनो संच होतो. दहा अवतार, अवताराक बारा पाना, एकशेवीस पाना एकूण. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. आता खेळणारो कोण ऱ्हवलो नाय. फोटो टाक मरे.

आंबोळी_आवडते
दारांवर कोणते अवतार आहेत? मला घरातल्या कपाटाला असं काहीतरी करायचं आहे. ही गोल पानं भिंतीवर ओळीने लावली तर फार छान दिसतील.

फिल्मवाला_घाटावरचा
साधं वर्तुळ असेल तर तिसरा रस्ता निघतो. फिल्मला प्लॉटरवर (कापायच्या मशीनवर) आधीच गोल भोक कापायचं, स्टिकरभोवती दोन मिलिमीटर जागा सोडायची आणि बाकी सगळीकडे फिल्म बसवायची. चित्र उघडं राहतं, पण हात लागत नाही. तोटा असा की त्या फटीत तांबडी माती बसते, दर धुण्याला मऊ ब्रशने काढावी लागते. एकच कटाक्ष ठेवा: ब्लेड गाडीवर चालवू देऊ नका. रंगाला एक चीर गेली तरी खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू होतो. आत दोरा असलेली कापायची टेप मिळते, ती तरी वापरायला सांगा.

चौथा रस्ता मला स्वतःला सगळ्यात चांगला वाटतो: स्टिकर काढा, अख्ख्या पॅनेलला फिल्म लावा आणि चित्र पुन्हा छापून फिल्मच्या वर लावा. खडी लागली तर स्टिकर बदलता येईल, रंग खाली शाबूत राहील.

रेडियमवाला_रत्नांग्री
याला माझा पाठिंबा, पण छापताना कास्ट व्हायनल घ्या. साधं व्हायनल उन्हाने आकसतं आणि कडा सुटतात. छापल्यावर शाई निदान एक-दोन दिवस सुकू द्या, मगच लॅमिनेशन. आमच्या धंद्यात संध्याकाळी छापून रात्री लावणारे आहेत. मीही पूर्वी केलंय, आता करत नाही.

पेट्रोलवेडा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाडीच्या पोटाला गंजरोधक मारा. कोकणात गाडी खालून मरते. दारांच्या खालची पाणी जायची भोकं मातीने बुजतात आणि आत पाणी साचतं. बॉनेटचं काय घेऊन बसलात.

तांबडीमाती
ह्या मात्र खरा. जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडी घातलस तर घराक इल्यार खालसून गोड्या पाण्यान धू.

फिल्मवाला_घाटावरचा
किनारा_चालक, रंगकामाचं उत्तर अजून मिळालं नाही. दुसऱ्यांदा विचारतोय.

किनारा_चालक
रंगकाम फक्त बॉनेटचं. झाडाखाली गाडी होती, वरून नारळ पडला. अठरा दिवसांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. जुनं मत्स्य त्यात गेलं, नवीन छापून गेल्या आठवड्यात लावलं. दारांचे स्टिकर पाडव्याचे. रंगकाम छान झालंय, त्याचा इथे काय संबंध?

फिल्मवाला_घाटावरचा
सगळा संबंध त्याचाच आहे. पहिल्याच पोस्टमध्ये हे असतं तर आपले चार तास वाचले असते.

ताज्या रंगातून थिनरची वाफ बरेच दिवस निघत राहते. बहुतेक फिल्मवाले निदान ३० दिवस थांबायला सांगतात. आधीच फिल्म लावली तर वाफेला वाट राहत नाही, फुगे येतात, रंग मऊ राहतो. आणि लांबी (पोचा बुजवायची पुट्टी) भरून मारलेला रंग कंपनीच्या रंगासारखी पकड धरत नाही, फिल्म काढताना तो खपलीसारखा निघू शकतो. रंग बूथमध्ये मारून भाजला होता की शेडमध्ये फवारला? लांबी किती भरली?

रेडियमवाला_रत्नांग्री
आणि मत्स्याला आत्ता बारीक फुगे आलेत का, तेही बघा.

किनारा_चालक
शेडमध्येच मारला. लांबी भरली होती, किती ते बघितलं नाही.

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. मोहरीएवढे फुगे आहेत, सगळीकडे. मला वाटलं होतं लावताना राहिलेली हवा असेल. दारांच्या स्टिकरना एकही नाही.

रेडियमवाला_रत्नांग्री
लावतानाची हवा एखाद-दुसऱ्या ठिकाणी राहते, सगळीकडे सारखी नाही. रंग अजून वाफ सोडतोय. मत्स्य काढावं लागेल. दुपारी ऊन असताना, हेअर ड्रायरने कोमट करून, कड उचलून, मागे दुमडत अगदी सावकाश. ओरबाडू नका, रंग कोवळा आहे. राहिलेला गोंद थिनरने तर अजिबात पुसू नका.

मुंबय_गाव_मुंबय
मग शनिवारचं रद्द? माझ्या मते गोव्याला जाऊन लावून टाका. पावसात उघडी गाडी चालवण्यापेक्षा बरं.

फिल्मवाला_घाटावरचा
नाही. शनिवारी बंपर, दोन्ही फेंडर, आरसे आणि हेडलाइट करून घ्या. तिथे कंपनीचा रंग आहे, स्टिकर नाही, आणि खडीचा मार सगळ्यात जास्त तिथेच बसतो. फेंडरच्या टवक्यांना आधी टचअप करून नीट सुकू द्या, उघड्या पत्र्यावर फिल्म नको. बॉनेट दसऱ्या-दिवाळीकडे. दारांना घाई नाही, दारांवर खडी कितीशी येते?

किनारा_चालक
मत्स्य काढलं. अर्धा तास लागला. रंग निघाला नाही, पण खाली बोट दाबलं तर ठसा उमटल्यासारखा वाटला. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

रेडियमवाल्याला फोन केला. लॅमिनेशन केलेलं नाही, पाचांपैकी एकालाही नाही. स्कॅनची फाईल त्याने ठेवलेली नाही. पण बहिणीकडे मूळ चित्रं आहेत, कागदावरची, पाचही. ती म्हणाली, नाहीतरी मत्स्याचे खवले तिला परत करायचेच होते, दिवाळीपर्यंत करून देते.

कोल्हापूरला कळवलं. टचअप उद्या सकाळी करतोय, सुकायला वेळ हवा म्हणून शनिवारऐवजी मंगळवार घेतला, पुढचा भाग तेवढा. आंबोळी_आवडते, दारांवर कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन आहेत.

फिल्मवाला_घाटावरचा
चांगलं झालं. लावल्यावर आठवडाभर धुऊ नका. फिल्मखाली पाण्याचे थेंब दिसतील, या हवेत ते जायला दोन आठवडेही लागतील, टाचणीने टोचायला जाऊ नका.

तांबडीमाती
आणि गाडी माडाखाली लावू नको.