टिकाऊ दुर्बीण म्हणजे नेमकी कोणती? (चर्चा)

टिटवी:
पक्षी बघायला नव्याने लागलेला माणूस दुर्बीण घेताना पहिला प्रश्न विचारतो, "किती पट?" माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, आत पाणी जातं का. दुर्बीण पडून फुटली तर निदान कळतं तरी. आत दमट हवा शिरली की ती हळूहळू मरते. आधी धुरकट दिसायला लागतं, मग आतल्या प्रिझमवर (प्रकाश वळवणाऱ्या काचेवर) बुरशीचं जाळं, आणि ते काचेवरचं कोटिंग खाऊन टाकतं.

म्हणून माझी शिफारस सरळ आहे: ८×४२ (म्हणजे ८ पट मोठं दिसतं, पुढचं भिंग ४२ मिमीचं), रूफ प्रिझम (सरळ नळ्यांची दुर्बीण), ओ-रिंगने म्हणजे रबरी कड्यांनी सीलबंद, आत दमट हवेऐवजी कोरडा नायट्रोजन. खोक्यावर नुसतं 'वेदर रेझिस्टंट' लिहिलं असेल तर पुढे चला, त्याचा अर्थ फार तर चार शिंतोडे. आयपीएक्स७ हा पाणीरोधक दर्जा असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरेल एवढी चाचणी झालेली असते. आणि हो, पोरोच्या (जुन्या पद्धतीच्या, खांदे असलेल्या रुंद) दुर्बिणी आता रानावनातल्या कामाच्या राहिल्या नाहीत. भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं.

कोतवाल:
आलोच भांडायला.

टिटवीताई, सील ठीक आहे हो, पण सीलमधून पक्षी दिसत नाही. रूफ प्रिझमच्या कडेवर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि परत एकत्र येताना त्यांची लय चुकते. त्याने चित्र मऊ पडतं. यावरचा उपाय म्हणजे फेज कोटिंग, ते झाईस कंपनीने १९८८ साली आणलं. शिवाय नेहमीच्या रूफ प्रिझममध्ये एका पृष्ठभागाला आरशासारखा मुलामा द्यावा लागतो, आणि तो साधा ॲल्युमिनियमचा असला की तिथेही प्रकाश गळतो. म्हणजे स्वस्तातली रूफ दुर्बीण घेतली की सील मिळतं, रबराचा जाडजूड अंगरखा मिळतो, आणि झुडपातला वटवट्या कुठला ते मात्र ओळखता येत नाही.

पोरोला यातलं काही लागत नाही. त्याच पैशात भिंगं चांगली मिळतात. आणि पोरो सीलबंद होतच नाही असं कोणी सांगितलं? स्वारोव्स्की कंपनीची हाबिश्ट बघा. पोरो आहे, मधल्या चाकाने फोकस होते, आणि पाण्यालाही दाद देत नाही.

टिटवी:
हाबिश्टचं फोकसचं चाक फिरवून बघितलंय का कधी? सीलमुळे इतकं घट्ट असतं की बोट दुखून येतं. फांदीवरून फांदीवर उड्या मारणाऱ्या पक्ष्यामागे ते चाक फिरवत बसायचं म्हणजे झालंच. फुजिनॉन कंपनीच्या ७×५० वगैरे पोरो आहेत सीलबंद, पण त्यांत प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा. बोटीवर ठीक, तिथे सगळंच लांब असतं.

नेहमीच्या पोरोत फोकस करताना दोन्ही आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगांचा) पूल मागेपुढे सरकतो. म्हणजे दर वेळी भात्यासारखी ती बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळ नि दमटपणा. फेज कोटिंगचा मुद्दा मान्य, पण मधल्या श्रेणीतल्या रूफ दुर्बिणींत ते आता सर्रास असतं. माहितीपत्रकात 'फेज करेक्टेड' आणि 'डायलेक्ट्रिक' (ॲल्युमिनियमपेक्षा कमी प्रकाश गळू देणारा मुलामा) हे दोन शब्द शोधायचे. नसतील तर घेऊ नका, इतकं सोपं आहे.

आडवाट:
दोघांचंही चालू द्या, पण वजनाबद्दल कोणी बोलतच नाहीये. ४२ ची दुर्बीण साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते. सकाळभर गळ्यात लटकवून चाला आणि मग मानेला विचारा. दुसऱ्या खेपेला ती पिशवीत जाते, तिसऱ्या खेपेला कपाटात. माझं मत ८×३२. भर दिवसा काही फरक जाणवत नाही, संध्याकाळी थोडा जाणवतो (३२ भागिले ८, म्हणजे ४ मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ८×४२ मध्ये तोच सव्वापाच).

आणि मॅग्नेशियमच्या बांध्याचं एवढं कौतुक नको. चांगलं पॉलिकार्बोनेटही भरपूर मार खातं. रबराखाली काय आहे यापेक्षा प्रिझम कशात आणि कसे बसवलेत हे महत्त्वाचं, आणि ते नेमकं कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

चिखल्या:
खाडीकाठी उभं राहून तुतारी (चिखलात चरणारे छोटे पक्षी) ओळखायच्या असतील तर ८ पट अपुरी पडते. १०×४२ घ्या. हात थरथरतो म्हणणाऱ्यांनी कोपर छातीला टेकवावेत.

आडवाट:
@चिखल्या, आणि वारा सुटला की? खाडीवर तो सुटतोच. तिथे ट्रायपॉड आणि स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण), दुर्बिणीचं ते कामच नाही.

जाड भिंग:
चष्मेवाल्यांतर्फे दोन शब्द. टिकाऊपणाची चर्चा प्रिझम आणि नायट्रोजनवर चाललीय, पण आधी काय तुटतं? आयकप! डोळ्याला टेकणारे, वळवून वर येणारे ते कप दोन पावसाळ्यांत ढिले होतात आणि आपोआप खाली बसतात. मला चष्म्यामुळे ते खालीच ठेवायचे असतात म्हणून निभावतं, बाकीच्यांची चिडचिड होते. घेताना ते प्रत्येक टप्प्यावर 'टक्' करून थांबतात का बघा. निघणारे आणि सुटे मिळणारे असतील तर सोन्याहून पिवळं. चष्मा असेल तर आय रिलीफ (भिंगापासून डोळा जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १५-१६ मिमी हवा, नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं.

दुसरं, डासांचं मलम. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिक आणि रबर खातं. मलम चोळलेल्या हाताने दुर्बीण धरत राहिलात की ते भारी आवरण चिकट होतं, त्यावर बोटांचे ठसे उमटतात आणि धूळ कायमची बसते. हात पुसा, मग धरा. एवढंसं पथ्य आहे, कोणी सांगत मात्र नाही.

कोतवाल:
आयकपचं बरोबर आहे, पण ते बदलता येतात. खरा घात होतो तो दोन नळ्यांची रेषा सुटल्यावर. दुर्बीण टेबलावरून पडते, काचेला ओरखडा नाही, मालक खूश. आतला प्रिझम केसभर सरकलेला असतो. मग अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं आणि माणूस उन्हाला दोष देतो.

तपासायची पद्धत: दुर्बीण कशावर तरी टेकवून लांबची आडवी तार किंवा छपराची कड बघा. मग डोळे हळूहळू मागे न्या, दोन वेगळी वर्तुळं दिसेपर्यंत. तार दोन्हींत एकाच उंचीवर हवी. थोडा आडवा फरक डोळे सांभाळून घेतात, उभा फरक अजिबात सहन करत नाहीत. नवीन दुर्बीणसुद्धा दुकानातच अशी तपासावी.

आता माझा मुद्दा. साध्या पोरोत ही रेषा जुळवायचे स्क्रू बऱ्याचदा रबराखालीच असतात, हाताला सराव असलेला कारागीर उघडून, पुसून, जुळवून देतो. तुमची सीलबंद रूफ उघडली की सील गेलं, नायट्रोजन गेला. ती कारखान्यातच पाठवावी लागते. मग टिकाऊ कोणती?

टिटवी:
जी उघडावीच लागत नाही ती.

दुरुस्तीचा मुद्दा मी उडवून लावत नाही. म्हणून तर म्हणते, हमीपत्र वाचा. 'लाइफटाइम' शब्दाला भुलू नका: कुणाचं आयुष्य, तुमचं की त्या मॉडेलचं? अपघाताने पडली तर चालते का? दुर्बीण दुसऱ्याला विकली तर हमी त्याच्याकडे जाते का? हे तीन प्रश्न विचारले की अर्ध्या कंपन्यांचा आवाज बारीक होतो.

आणि सीलबंद असण्याचा एक रोजचा फायदा राहिलाच. चिखल, खारं पाणी लागलं की नळाच्या बारीक धारेखाली धरायची. कपड्याने कोरडी धूळ पुसणारे लोक बघितले की जीव खालीवर होतो, ते भिंगावरचं कोटिंग घासत असतात. सीलबंद नसेल तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड अगदी शेवटी.

जाड भिंग:
नायट्रोजन भरलेला असला म्हणजे बुरशी लागतच नाही का?

टिटवी:
बाहेरच्या काचेवर लागूच शकते. दमट दिवसांत डब्यात सिलिका जेल ठेवून द्या, कातडी पेटीत कोंबून ठेवू नका. आणि सीलही म्हातारं होतं. एसीतून दमट हवेत आणल्यावर बाहेरून वाफ धरली तर काळजी नको. आतून धरली तर सील गेलंय.

कोतवाल:
मग हेच जुन्या दुर्बिणीलाही लावा की. मोठ्या भिंगाच्या बाजूने तिरका टॉर्च मारा, आत जाळं नाही, रेषा जुळतेय, चाक गुळगुळीत फिरतंय, तर जुनी चांगली पोरो नव्या स्वस्त रूफपेक्षा मी कधीही घेईन.

टिटवी:
कोरड्या हवेत राहत असाल तर घ्या. पाऊस आला की छत्री तिच्यावर धरा, तुम्ही भिजा.