भाड्याचं जुनं घर: खिळा न ठोकता सजवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

जुन्या इमारतीत भाड्याने राहायला आलोय. छत उंच, खिडक्या मोठ्या, पण भिंती मळकट पिवळ्या, आणि स्वयंपाकघरातल्या टाइल्स कुणी निवडल्या देव जाणे. करारात लिहिलंय: खिळे नाहीत, रंग नाही. बायको म्हणते, चिकटणारा वॉलपेपर आणून हॉलची एक भिंत झाकून टाकू. मला डिपॉझिटची धास्ती. अनुभवी लोकांनी बोलावं.

---

> हॉलची एक भिंत झाकून टाकू

वहिनींना सांगा, आधी वॉलपेपरचा तळहाताएवढा नमुना कपाटामागच्या भिंतीवर लावा आणि आठवडाभराने हळूच सोलून बघा. जुन्या घरांत रंगावर रंग चढलेले असतात. खाली गुळगुळीत तेलरंग आणि त्यावर न घासता मारलेला पाण्यातला रंग असेल, तर वरच्या थराची पकड कच्ची असते. स्टिकर सोलला की रंगाचे पापुद्रेही सोबत येतात. नमुन्याला रंग चिकटून आला, तर वॉलपेपर विसरा.

माझं विचाराल तर भिंतीला हात लावण्याआधी दिवे बदला. छताच्या मधोमध एकच पांढरा बल्ब असेल तर कुठलीही भिंत आजारी दिसणारच. २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे बल्ब आणा, खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त आहे ना तेवढं पाहा, आणि वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन दिवे ठेवा: एक उभा, एक टेबलावर, एक पुस्तकांच्या फळीवर. मळका पिवळा तेव्हा निदान सायीच्या रंगाचा वाटतो. यात ना खिळा, ना गोंद, आणि घर सोडताना सगळं सोबत नेता येतं.

आणखी एक. छताच्या थोडं खाली भिंतीभोवती लाकडी पट्टी फिरलीय का? ती शोभेची नाही, फ्रेम टांगण्यासाठीच बसवत असत. तिच्यावर अडकणारे पितळी हुक मिळतात. हुकाला तार, तारेला फ्रेम. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला की बघताना मान वर करावी लागत नाही. छत उंच म्हणून लोक चित्रंही उंच टांगतात, मग ती भिंतीवर हरवतात.

---

दादांच्या दिव्यांना माझं अनुमोदन, पण भिंत झाकायची हौस एवढ्यात सोडू नका. सुती कापड खळीने लावा! कॉर्नस्टार्चची पातळ खळ शिजवायची, गार झाली की भिंतीवर ब्रशने फिरवायची, कापड वरून खाली दाबत न्यायचं आणि वरून पुन्हा एक हात. काढताना ओल्या स्पंजाने भिजवलं की अलगद सुटतं, उरलेली खळ पुसून घ्यायची. गडद कापडाचा रंग भिंतीवर उतरू शकतो, तेव्हा आधी धुऊन बघा. बाहेरच्या बाजूची ओलसर भिंत असेल तर मात्र नको, मागे बुरशी धरते.

---

ताई, खळीची युक्ती झकास, पण इथेही आधी छोटा तुकडा. पाण्याने सुटणारा जुना रंग असेल तर तो खळीबरोबरच पुसला जाईल.

टाइल्सचं सोपं आहे. चकचकीत टाइलवर स्टिकर छान बसतात आणि निघतातही, फक्त आधी तेलकटपणा नीट काढा आणि शेगडीमागची जागा सोडा. कपाटांच्या मुठी बदलायच्या असतील तर दोन भोकांमधलं अंतर मोजून आणा, बहुधा ७६ किंवा ९६ मिलिमीटर निघतं. जुन्या मुठी स्क्रूंसकट पिशवीत बांधून ठेवा. विनाइलच्या जमिनीवर रबरी पाठीचा गालिचा पसरू नका. रबरातलं रसायन उतरून कायमचे पिवळे डाग पडतात, तिथे गेलं डिपॉझिट.

---

मंडळी, मनापासून आभार. दिवे आणले, फरक लगेच दिसला. लाकडी पट्टीही सापडली! पण इतक्या वेळा रंगवलीय की वरची खाच बुजलीय, हुक बसत नाही. पॉलिश पेपरने घासून मोकळी करू का?

---

अजिबात नको. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांच्या रंगात ते १९७८ साली बंद झालं, इतर देशांत वर्षं वेगळी. घासलं की त्याची धूळ उडते आणि लहान मुलांना ती फार घातक. घरमालकाला मेल करा: पट्टीचा फोटो जोडा, रंगात शिसं आहे का तपासून ती मोकळी करून द्याल का, असं विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत फ्रेम फळीवर भिंतीला टेकवून ठेवा. तशाही बऱ्या दिसतात.