निम्मा गॅस जहाजाने येतो, साठवायला जागा नाही. मग १५ टक्क्यांचं उद्दिष्ट कशाच्या भरवशावर?

दाबमापक:

देशाच्या एकूण ऊर्जावापरात नैसर्गिक वायूचा वाटा आज सहा-सात टक्के आहे. २०३० पर्यंत तो १५ टक्क्यांवर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: गॅस साठवायची सोय उभी राहीपर्यंत हे उद्दिष्ट बाजूला ठेवावं.

२०२४-२५ मध्ये आपण ७,००० कोटी घनमीटरच्या वर गॅस वापरला, म्हणजे दिवसाला साधारण १९ कोटी. त्यातला जवळपास निम्मा आपल्या विहिरींतला: मुंबई हाय, वसई, कृष्णा-गोदावरी खोरं, आसाम. उरलेला सगळा एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला आणि जहाजाने आणलेला गॅस. परदेशातून गॅस आणणारी एकही पाइपलाइन आपल्याकडे नाही. इराणची पाइपलाइन बारगळली. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे येणाऱ्या 'तापी'च्या कामाचा नारळ २०१५ मध्ये फुटला, पण गॅस अजून आपल्या हद्दीत आलेला नाही.

आता एका जहाजाचा हिशोब बघा. मोठ्या जहाजात १,७४,००० घनमीटर द्रव असतो, उणे १६२ अंशाला. तो गरम केला की सुमारे ६०० पट फुगतो, म्हणजे १० कोटी घनमीटर गॅस. एवढं अख्खं जहाज देशाला अर्धा दिवस पुरतं. बंदरावरची १,६०,००० घनमीटरची टाकीही तेवढीच. शिवाय ती काठोकाठ भरून ठेवताच येत नाही, कारण पुढचं जहाज आलं की त्याला रिकामं करायला जागा हवी. तळचा थोडा द्रव काढताही येत नाही, टाकी थंड राहायला तो लागतो. म्हणून टाकीला कोठार समजू नका, ती नुसती ओसरी आहे. पाइपलाइनमध्ये दाबाखाली जो साठा असतो, तो काही तासांचा.

कच्च्या तेलासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे खडकात गुहा खोदल्या, ५३ लाख टनांच्या. गॅससाठी असं काहीच नाही. आणि एलएनजीचा सगळ्यात मोठा पुरवठादार कतार. तिथलं प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं, अमिरातीच्या दास बेटावरचंही तिथूनच. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण बारा दिवस लढले, तेव्हा या अरुंद वाटेवर आपलं किती अवलंबून आहे ते पुरेसं दिसलं.

बंदरवाटा:

पूर्ण असहमत. कच्च्या तेलाचं परावलंबन ८५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणून आपण गाड्या थांबवल्या नाहीत. गॅसचं पन्नास टक्के आहे, तर त्याचीच एवढी धास्ती का?

खरा आधार करारांचा असतो. कतारचा ७५ लाख टनांचा करार २०२८ ला संपत होता, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला. अमेरिकेतून सबीन पास टर्मिनलचा ३५ लाख टन, कोव्ह पॉइंटचा २३ लाख टन. ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गन प्रकल्पाचा १४ लाखांच्या वर. या तिघांचा होर्मुझशी काडीचा संबंध नाही.

२०२२ आठवा. युक्रेन युद्धानंतर आशियातला स्पॉट भाव, म्हणजे दीर्घ कराराशिवाय घेतलेल्या सुट्या जहाजाचा भाव, एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं ऊर्जेचं एकक) ७० डॉलरच्या वर गेला. आपण काय केलं? स्पॉट घेणंच कमी केलं. मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी भट्ट्या प्रोपेनवर वळवल्या. गॅसवर चालणारी वीजकेंद्रं थंड राहिली, त्यांची कामं कोळशाने केली. भाव चढला की बाजूला होणारा ग्राहक हीच आपली साठवण, आणि तिला खड्डा खणावा लागत नाही.

करार मोडकळीला येतात तेव्हा दुरुस्तही होतात. २०१५ मध्ये कतारचा कराराचा भाव स्पॉटच्या जवळजवळ दुप्पट झाला. आपण ठरल्यापेक्षा एकतृतीयांश माल कमी उचलला. दंड बसत होता सुमारे १२,००० कोटी रुपयांचा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवा करार झाला: जपानच्या आयात कच्च्या तेलाच्या भावाची साठ महिन्यांची सरासरी जाऊन ब्रेंट या जागतिक तेलभावाची तीन महिन्यांची आली, भाव निम्म्यावर उतरला, दंड माफ झाला आणि बदल्यात आपण दहा लाख टन जास्त घेतला. मोठा गिऱ्हाईक असण्याचा फायदा हा असा.

दाबमापक:

बंदरवाटा, एक करार तुम्ही यादीतून गाळलात. रशियाच्या गाझप्रोम या गॅस कंपनीच्या सिंगापूर कंपनीशी आपल्या सरकारी गॅस कंपनीचा, गेलचा, वीस वर्षांचा करार होता, वर्षाला २५ लाख टनांचा. ती कंपनी गाझप्रोमच्या जर्मन शाखेची. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ती शाखा ताब्यात घेतली आणि उन्हाळ्यात आपली जहाजं यायची थांबली. गेलला खत कारखान्यांचा आणि उद्योगांचा पुरवठा कापावा लागला. लवाद झाला, जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर मिटलं. पैसे आले हे चांगलंच झालं, पण ज्या महिन्यात गॅस हवा होता तो महिना तसाच गेला. करार तुटला तर भरपाई मिळते, गॅस मिळत नाही.

अमेरिकेच्या मालाबद्दलही सांगतो. कतारहून गुजरातमधल्या दहेज टर्मिनलला जहाज तीन-चार दिवसांत येतं. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून, तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालत आलं तर महिना लागतो. आज गॅस तुटला आणि आजच मागणी नोंदवली, तरी तो पुढच्या महिन्यात.

युरियाची गोणी:

दोघांचे मुद्दे वाचले. 'बाजूला होणारा ग्राहक' हे मोरबीला लागू पडतं, खत कारखान्याला नाही, आणि आयात एलएनजीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक खत कारखानाच आहे.

तिथे गॅस नुसता जाळत नाहीत, तो कच्चा माल आहे. वाफेबरोबर रिफॉर्मर नावाच्या भट्टीत ८०० अंशांच्या आसपास तोडून त्यातून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नत्राशी जोडून अमोनिया, मग युरिया. प्रोपेन लावून हे चालत नाही. गॅसचा दाब अचानक पडला की संयंत्र ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. पुन्हा गरम करून, उत्प्रेरक पूर्ववत करून उत्पादन सुरळीत व्हायला काही दिवस जातात, आणि प्रत्येक थंड-गरमच्या फेऱ्यात रिफॉर्मरच्या नळ्यांचं आयुष्य घटतं. थळचा कारखाना असो की उत्तरेतला, नियम एकच.

खर्च बघा. चांगल्या संयंत्राला एक टन युरियाला सुमारे ५.५ गिगाकॅलरी ऊर्जा लागते, म्हणजे २२ एमएमबीटीयू. गॅस १२ डॉलरने पडला तर टनामागे २६४ डॉलर. ४५ किलोच्या गोणीत नुसता गॅसच हजार रुपयांचा. शेतकरी ती गोणी २६६ रुपये ५० पैशांना घेतो. फरक केंद्राच्या तिजोरीतून जातो. गॅस एका डॉलरने वाढला की गोणीमागे ८०-८५ रुपये अनुदान वाढलं.

माझं मत असं: गॅस साठवण्याआधी युरिया साठवा. एक टन युरिया म्हणजे साधारण ६०० घनमीटर गॅस गोणीत बांधलेला. २० लाख टन युरिया गोदामात असला तर तो १२० कोटी घनमीटर गॅस आहे, तोही कॉम्प्रेसरशिवाय. आणि आयात करायचाच तर ओमानच्या सूरमधून करा. तिथल्या खत कारखान्यात इफ्को-कृभको या आपल्या सहकारी खत संस्थांची भागीदारी आहे आणि ते बंदर होर्मुझच्या बाहेर आहे.

बंदरवाटा:

गोणी, विचार आवडला, पण युरिया हवेतला ओलावा शोषतो. कोकणातल्या किंवा किनाऱ्याजवळच्या गोदामात दोन पावसाळे ठेवला तर ढेकळं होतील.

युरियाची गोणी:

दोन पावसाळे ठेवायचाच नाही. जुना आधी काढायचा, नवा मागे लावायचा. लाकडी फळ्यांवर थप्प्या, भिंतीपासून हातभर अंतर, आतलं प्लास्टिक अस्तर शाबूत हवं, पावसाळी हवेत दारं बंद. खरिपाची उचल जून ते ऑगस्ट असते, म्हणजे मेअखेर साठा सगळ्यात मोठा आणि सप्टेंबरात सगळ्यात कमी. थप्पी एक वर्षाच्या आत हललीच पाहिजे.

उसाचा फड:

आयात, साठा, युरिया, सगळं बोलून झालं, पण बायोगॅसचं नाव कुणी काढलं नाही. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये सीबीजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) मिसळणं आता बंधनकारक होतंय: २०२५-२६ ला १ टक्का, मग ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५. महाराष्ट्रात साखर कारखान्याकारखान्याला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी-माती, पडून असतो. त्यापासून पश्चिम महाराष्ट्र स्वतःचा गॅस काढू शकतो.

दाबमापक:

फड, सीबीजीला माझा पाठिंबा आहे, पण आकडा मांडून बघा. वर्षाला नऊ कोटी टन ऊस गाळला, साडेतीन टक्के प्रेसमड धरला, तर ३० लाख टनांच्या आसपास. साधारण २५ टन प्रेसमडला एक टन सीबीजी. म्हणजे सव्वा लाख टन. आपण आणतो अडीच कोटी टनांच्या वर एलएनजी. महाराष्ट्राचा सगळाच्या सगळा प्रेसमड लावला तरी देशाला एक दिवसही पुरत नाही.

उसाचा फड:

हिशोब मान्य. तरी सोडून देण्यासारखं नाही, कारण तो सव्वा लाख टन होर्मुझमधून येत नाही, डॉलर मागत नाही. अडचणी वेगळ्याच आहेत आणि त्या सुटण्यासारख्या आहेत. प्रेसमड चार-पाच महिन्यांत मिळतो, प्रकल्प बारा महिने चालवायचा असतो. ढीग उघड्यावर ठेवला की आतून तापतो, त्यातला सेंद्रिय भाग जळून जातो आणि पावसाळ्यानंतर तेवढ्याच टनात गॅस बराच कमी निघतो. प्रकल्प आले तसे प्रेसमडचे भावही चढले. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन ५५-६० टक्के, तो ९० च्या वर न्यावा लागतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड नीट काढला नाही तर कॉम्प्रेसर खातो. आणि शेवटी उरणारं सेंद्रिय खत विकलं गेलं नाही तर प्रकल्पाचं गणितच बसत नाही. झाकलेले ढीग आणि खताची हमीची उचल, एवढं केलं तरी फरक पडेल.

बंदरवाटा:

मूळ मुद्द्यावर येतो. दाबमापक, होर्मुझचं बोलताना तुम्ही घरचा चिंचोळा भाग विसरलात. देशात येणाऱ्या एलएनजीपैकी निम्म्याहून जास्त एकट्या दहेजला उतरतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छला धडकलं. ते खंभातच्या आखाताकडे वळलं असतं तर? दुसरीकडे कोचीचं टर्मिनल २०१३ ला सुरू झालं आणि मंगळूरची पाइपलाइन जानेवारी २०२१ मध्ये, मधली वर्षं टर्मिनल जवळपास रिकामं. दाभोळला लाटा अडवणारी भिंत अपुरी होती, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. समुद्र खवळला की जहाज धक्क्याशी स्थिर राहत नाही, आणि माल उतरवणारे हात ठरावीक हालचालीपलीकडे गेले की आपोआप सुटतात. पैसा घालायचा तर आधी या धक्क्यांवर आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांवर घाला.

आणि जमिनीखालच्या साठवणीचा खर्च कोण सोसणार? आधीच गॅस जीएसटीच्या बाहेर आहे. कारखानदाराला फर्नेस ऑइलवरच्या कराची वजावट मिळते, गॅसवरच्या व्हॅटची नाही. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजी-पाइप गॅसवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला हे चांगलं केलं. त्यावर पुन्हा साठवणीचा आकार लावलात तर नवा गिऱ्हाईक येणारच नाही.

दाबमापक:

दहेजबद्दल तुमचं बरोबर, ते मी मांडायला हवं होतं. दाभोळ-कोचीसाठीही हो. खर्चाचं मात्र आकड्यात सांगतो.

रिकाम्या झालेल्या गॅसक्षेत्रात १०० कोटी घनमीटर वापरायोग्य साठा करायचा तर साधारण तेवढाच गॅस खाली दाब टिकवायला कायमचा ठेवावा लागतो. १०० कोटी घनमीटर म्हणजे सुमारे ३.७ कोटी एमएमबीटीयू. १० डॉलर भावाने तीन हजार कोटी रुपयांच्या वर, दोन्ही मिळून सहा हजार कोटींच्या वर. आठ टक्के व्याज धरा, वर्षाला ५०० कोटी. देशाच्या ७,००० कोटी घनमीटर वापरावर वाटला तर घनमीटरला सात पैसे. सीएनजीच्या किलोला दहा पैसे. विहिरी, कॉम्प्रेसर, वाहिन्यांचा खर्च दुप्पट-तिप्पट धरला तरी किलोमागे चार आण्यांच्या आसपास. एवढ्याने कोणी पेट्रोलवर परत जाणार नाही.

आणि सीएनजीवाला आता सुरक्षित राहिलेला नाही. वसईसारखी जुनी क्षेत्रं आटत चालली आहेत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी गॅस दोनदा कापला गेला. ती तूट महाग देशी गॅस आणि एलएनजीने भरतात. रिक्षावालाही आता ब्रेंटच्या भावाला बांधला गेलाय.

उत्तरवारा:

एक तांत्रिक दुरुस्ती. तुमचे १०० कोटी घनमीटर ऐकायला दहा दिवसांची आयात वाटते. पण रिकाम्या क्षेत्रातून गॅस सावकाश निघतो. तेवढा साठा बाहेर यायला शंभरेक दिवस लागतात. म्हणजे दिवसाला एक कोटी घनमीटर, आयातीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. झटपट काढायचा तर मिठाच्या थरात पाण्याने विरघळवून केलेल्या गुहा लागतात. बिकानेरच्या बाजूला असे थर आहेत, पण ते काम वेगळं आणि त्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट वाळवंटात लावणं कठीण.

म्हणून दिवसाच्या त्या एक कोटी घनमीटरवर आधी नावं लिहा. माझ्या मते पहिलं नाव घरगुती पाइप गॅसचं, दुसरं चालू संयंत्र थंड पडू न देण्याइतकं खत कारखान्यांचं. सीएनजी तिसरा, त्याच्या गाड्या पेट्रोलवरही चालतात. बाकी कुणाला नाही.

बंदरवाटा:

एवढा मर्यादित हेतू असेल तर मी विरोध मागे घेतो, एका अटीवर. साठा कोणाच्या ताब्यात असेल ते आधी ठरवा. जर्मनीतलं रेहडेन हे देशातलं सगळ्यात मोठं साठवण क्षेत्र गाझप्रोमकडे होतं. २०२१ च्या उन्हाळ्यात ते भरलंच नाही आणि हिवाळ्याच्या तोंडावर जवळपास रिकामं होतं. खड्डा होता, गॅस नव्हता. नंतर युरोपला तारखेनिशी किमान साठ्याचा कायदा करावा लागला.

दाबमापक:

अट मान्य. भरण्याची तारीखही आपल्या हवामानाने ठरवावी लागेल, युरोपची नक्कल करून चालणार नाही. त्यांना नोव्हेंबरच्या आधी साठा भरलेला हवा असतो. आशियात भाव सहसा मऊ असतो हिवाळा संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, पण त्याच सुमाराला आपली विजेची मागणी चढते. मग उरतो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: खरिपाची युरियाची घाई संपलेली, पावसाळ्यात अडलेली बंदरं मोकळी. उत्तरवारा, तेवढ्या पाच-सहा आठवड्यांत दिवसाला किती गॅस खाली ढकलता येईल? रिकाम्या क्षेत्रात भरण्याचा वेगही काढण्याइतकाच मंद असेल, तर एका हंगामात साठा भरणार नाही, आणि मग माझा सात पैशांचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.