विषय: टेक्सासमध्ये तुमचे पैसे पडून आहेत, असं पत्र आलंय. खरं की थाप?

प्रेषक: प्रशांत, एडिसन

नमस्कार मंडळी,

काल टपालात एक पत्र आलं. टेक्सास सरकारकडे माझ्या नावावर सहाशे डॉलरच्या वर रक्कम पडून आहे, आम्ही ती सोडवून देतो, त्यातले ३० टक्के आमचे, सोबतच्या करारावर सही करून पाठवा. गंमत म्हणजे पत्ता अगदी बरोबर आहे. ऑस्टिनमधलं आमचं जुनं अपार्टमेंट, युनिट नंबरासकट. २००३ ते २००५ मी तिथे क्लायंटकडे होतो. आडनाव मात्र शेवटचं अक्षर गिळून छापलंय. करारावर सोशल सिक्युरिटी नंबरची रिकामी चौकट दिसली आणि हात आखडला. कुणाला असा अनुभव आहे का?

– प्रशांत

---

प्रेषक: सुहास

प्रशांतराव, सरळ श्रेडरमध्ये घाला. फुकटचे पैसे, आणि तेही सरकारकडून? "तुमचा टोल थकलाय" असे मेसेज येतात ना, त्यांचाच हा थोरला भाऊ.

– सुहास

---

प्रेषक: शुभदा

प्रशांत, श्रेडरमध्ये घाल, पण करार तेवढा. पत्र आधी नीट वाचून घे, कारण पैसे बहुतेक खरे आहेत.

मी हिशेबाची कामं करते, त्यामुळे या प्रकाराची दुसरी बाजू दर वर्षी बघते. कंपनीच्या वहीत एखाद्याचं देणं शिल्लक राहतं. चेक वठत नाही, किंवा पाकीट परत येतं. ते पैसे कंपनीला गिळता येत नाहीत. ठरावीक मुदत संपली की ते राज्य सरकारच्या ताब्यात द्यावे लागतात, नाव आणि शेवटच्या पत्त्यासकट. सरकार ते सांभाळतं आणि मूळ मालक आला की परत देतं. मुदत राज्याप्रमाणे आणि रकमेच्या प्रकाराप्रमाणे बदलते. आपल्या न्यू जर्सीत पगाराच्या चेकला एक वर्ष, बाकी बऱ्याच गोष्टींना तीन. काही राज्यांत बँक खात्याला पाच. एकदा राज्याकडे गेले की बहुतेक ठिकाणी मागायला शेवटची तारीख नसते. राज्यांच्या या खात्यांची जी राष्ट्रीय संघटना आहे, ती सांगते की देशात सातातल्या एकाचं काही ना काही असं पडून असतं. एकट्या न्यूयॉर्कच्या कंट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या हिशेब अधिकाऱ्याकडे, २० अब्ज डॉलरच्या वर आहेत.

आपल्या लोकांचं प्रमाण त्याहून जास्त असावं असं मला वाटतं. हा माझा अंदाज, आकडा नाही. पण बघा ना, कन्सल्टिंगवर आलेला माणूस सहा महिने ऑस्टिन, आठ महिने कोलंबस, मग हार्टफर्ड. प्रत्येक ठिकाणी क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून विजेच्या कंपनीकडे डिपॉझिट, गॅसकडे डिपॉझिट, अपार्टमेंटचं वेगळं. प्रोजेक्ट संपला की शुक्रवारी सामान गाडीत, सोमवारी दुसरं राज्य. डिपॉझिटचा चेक महिन्याभराने जुन्या दारात पोचतो. प्रशांत, तुझे सहाशे यातलेच निघतील, नाहीतर शेवटच्या पगाराचे.

म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच: आज राहता ते राज्य सोडा, जिथून उठून आलात त्या प्रत्येक राज्यात शोधा. आणि आपलं नाव आपण कसं लिहितो ते विसरा, तिथल्या कारकुनाने कसं टाइप केलं असेल ते शोधा.

नावाचे प्रकार मी बघितलेत ते सांगते. आडनावाच्या रकान्यात पहिलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटून, मध्ये जागाच नाही. धर्माधिकारीसारख्या लांब आडनावाची शेपटी कापलेली. दीक्षित एक्स घालून आणि केएसएच घालून. वाघमारे डब्ल्यूने आणि व्हीने. लग्नाआधीचं आडनाव. पासपोर्टवर नावाचा एक रकाना कोरा असलेल्यांनी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) घालूनही बघा, कारण व्हिसावर तेच छापून आलेलं असतं. एका बाईंची रक्कम मी अशीच शोधली होती. यादीत एफएनयू हे नाव, पुढे त्यांचं स्वतःचं नाव आडनाव म्हणून, पत्ता डेट्रॉइटजवळचा, प्रकार "न वठलेला पगार". पत्ता वाचल्यावर त्यांना मालकिणीच्या मांजराचं नावसुद्धा आठवलं.

शोधायचं कुठे? मिसिंगमनी डॉट कॉम. राज्यांच्या त्याच संघटनेचा पाठिंबा असलेलं, फुकट. पण प्रत्येक राज्याची पूर्ण यादी तिथे असेलच असं नाही, म्हणून राज्याच्या स्वतःच्या साइटवरही बघा. सगळ्या राज्यांचे दुवे अनक्लेम्ड डॉट ऑर्गवर आहेत. टेक्सासचं कंट्रोलरकडे, कॅलिफोर्नियाचं स्टेट कंट्रोलरकडे, इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियाचं ट्रेझररकडे. इलिनॉय तर छोट्या रकमा करदात्यांच्या नोंदींशी जुळवून चेक आपणहून घरी धाडतं, अर्जसुद्धा मागत नाही. सगळीकडे एवढं सुख नाही.

दावा लावायलाही फी नाही. कागद मात्र लागतात: फोटो ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा, आणि सगळे अडतात ते म्हणजे जुन्या पत्त्याचा पुरावा. त्या वर्षीचा डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कराचा कागद, सर्वात उत्तम, एकाच कागदावर नाव, नंबर आणि पत्ता तिन्ही. तो नसेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा, त्यात जुने पत्ते बहुधा असतात. मोठ्या रकमेला नोटरी मागतात.

आता ते ३० टक्केवाले. असा धंदा करणं हा गुन्हा नाही. ते याच सार्वजनिक यादीतून नावं उचलतात. पण टेक्सासच्या कायद्यात त्यांना जास्तीत जास्त १० टक्के घेता येतात, कॅलिफोर्नियातही तेवढेच. म्हणजे टेक्सासच्या पैशावर ३० मागणारा एक तर कायदा जाणत नाही, किंवा तू जाणत नाहीस याची त्याला खात्री आहे. सोशल सिक्युरिटी नंबर फक्त राज्याच्या अधिकृत साइटवर द्यायचा, आणि तिथवर पत्ता स्वतः टाइप करून जायचं, कुणाच्या मेसेजमधली लिंक दाबून नाही.

– शुभदा

---

प्रेषक: प्रशांत

सापडले! टेक्सासच्या साइटवर, कापलेल्या आडनावाने. वीज कंपनीचं डिपॉझिट. आणि शोधता शोधता बायकोच्या माहेरच्या आडनावाने ओहायोत विम्याच्या हप्त्याचा परतावा. बायको म्हणते ओहायोचे तिचे, टेक्सासचे दोघांचे.

– प्रशांत

---

प्रेषक: सुहास

ठीक आहे, श्रेडर बंद केला. पण शुभदाताईंनी सरकारचं वर्णन फारच गोड केलंय. मालक येईपर्यंत हे पैसे राज्याच्या खर्चाला वापरतात, आणि येणार नाहीत ते कायमचे वापरतात. डेलावेअरच्या अर्थसंकल्पात तर ही कमाईची एक मोठी बाब आहे, कारण शेअर बाजारातल्या अर्ध्याहून जास्त कंपन्या कागदोपत्री तिथल्या.

राज्याराज्यांत यावरून भांडणं झालीत, ती थेट सुप्रीम कोर्टात. १९६५ सालचा टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी हा खटला वाचण्यासारखा आहे. सन ऑइल कंपनीकडे बारीकसारीक देणी उरली होती, सगळी मिळून २६ हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यासाठी चार राज्यं भांडत होती. कोर्टाने नियम घालून दिला: कंपनीच्या वहीत धनकोचा जो शेवटचा पत्ता, त्या राज्याचे पैसे. पत्ताच नसेल तर कंपनी जिथे नोंदलेली, त्या राज्याचे. शुभदाताई म्हणतात "सोडलेल्या राज्यात शोधा", त्याचं मूळ या निकालात आहे. आणि म्हणूनच, पत्ता हरवलेला असण्याची शक्यता असेल तर डेलावेअरही बघा, तिथे कधी पाऊल ठेवलं नसलं तरी.

– सुहास

---

प्रेषक: मीनाक्षी काकू

शुभदा,

तुझी मेल मुलीने वाचून दाखवली. ह्यांच्या नावाने शोधलं तर न्यूयॉर्कमध्ये दोन नोंदी निघाल्या. एक बँकेची, एक शेअर असं काहीतरी. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, ते पुण्यातच गेले. आता हे कोणी मागायचं? मी की मुलांनी? वकील करायला सांगतात, पण रक्कम किती आहे तेच दिसत नाही, मग वकिलाला काय सांगू?

– काकू

---

प्रेषक: शुभदा

काकू,

वकिलाचं एवढ्यात नको. आधी नुसता दावा लावा, वारस म्हणून. अर्जात "मालकाशी नातं" असा रकाना असतो. त्यानंतर नेमके कोणते कागद हवेत याची यादी राज्यच पाठवतं, आणि रकमेचा अंदाजही तेव्हा येतो. मृत्यूचा दाखला लागेल, पुणे महापालिकेचा चालावा. तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट लागेल. इथे मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, झालं असेल तर ती कोर्टाची पत्रं. झालं नसेल आणि रक्कम लहान असेल तर बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर भागतं. रक्कम मोठी निघाली तरच वकील. रक्कम न दाखवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, काही साइट "शंभरच्या वर" एवढंच सांगतात. ते "वर" एकशे दोनही असू शकतं आणि एक लाख दोनही.

शेअरची नोंद मात्र आधी घ्या, बँकेची नंतर. बँकेतली रक्कम जिथल्या तिथे राहते. शेअर राज्याकडे गेले की काही काळाने राज्य ते विकून टाकू शकतं. मग तुम्हाला मिळते ती विक्रीची किंमत, नंतर भाव कितीही चढला तरी. नोकरीत सवलतीने घेतलेले शेअर ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांनी हे वाचा: डिव्हिडंड आपोआप पुन्हा गुंतवला जातोय म्हणजे खातं जागं आहे असं प्रत्येक राज्य मानत नाही. वर्षातून एकदा लॉगिन करा, किंवा कंपनी भागधारकांना पाठवते तो मतदानाचा कागद भरा. आणि राज्याकडे द्यायच्या आधी कंपनी एक पत्र पाठवते, "तुमची मालमत्ता राज्याकडे वर्ग होणार आहे" अशा अर्थाचं. दिसायला अगदी जाहिरातीसारखं असतं आणि आपण ते न उघडता कचऱ्यात टाकतो.

रविवारी मुलीला घेऊन माझ्याकडे या, दोन्ही अर्ज बसून भरू. येताना काकांचे जुने डब्ल्यू-टू असतील तर फाइल तशीच उचलून आणा, निवडत बसू नका.

– शुभदा

---

प्रेषक: अविनाश, पुणे

नमस्कार. मी आपल्या मराठी मंडळाचा जुना सभासद, २०११ मध्ये परत आलो, पण मेलच्या यादीतून नाव काढायला मन झालं नाही.

परतलेल्यांसाठी दोन गोष्टी. दावा इथूनही लावता येतो, मी कॅलिफोर्नियाचा लावला. नोटरीसाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीची वेळ घ्यावी लागते. त्याऐवजी अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून इथलं सरकार देतं ते प्रमाणपत्र) चालेल का ते राज्याला आधी विचारून घ्या. खरी अडचण पुढे आहे: राज्य डॉलरचा चेक पाठवतं, आणि इथल्या बँकेत तो घेऊन गेलात तर काउंटरवरचा मुलगा चेक उलटसुलट करून आत मॅनेजरकडे जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. माझ्या शाखेने "कलेक्शनला पाठवू, किती लागतील ते सांगता येत नाही" असं सांगून परत केला. अमेरिकेतलं एखादं खातं चालू ठेवलं असेल तर सुटलात. मी आता ठेवलंय.

दुसरी, तिथे असलेल्यांसाठी. आई-वडिलांची इकडची विसरलेली एफडी शोधायची असेल तर अमेरिकेच्या साइट कामाच्या नाहीत. बँकेत १० वर्षं कुणी हात न लावलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्यासाठी २०२३ पासून "उद्गम" हे पोर्टल आहे. तिथे नुसतं सापडतं, पैसे मागायला बँकेतच जावं लागतं. शेअर आणि डिव्हिडंडचं खातं वेगळं, ते सात वर्षांनी केंद्राच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे.

– अविनाश

---

प्रेषक: खजिनदार

मंडळी,

या चर्चेमुळे मी गंमत म्हणून मंडळाचंच नाव न्यू जर्सीच्या यादीत टाकलं. "मराठी"ची तीन स्पेलिंग करून बघितली. तिसऱ्याला नोंद निघाली! प्रकार "परत करायची अनामत", पत्ता आपल्या एका जुन्या खजिनदारांच्या घरचा. बहुतेक कुठल्या तरी शाळेच्या ऑडिटोरियमचं डिपॉझिट असावं, दिवाळी कार्यक्रमाचं. रक्कम "शंभरच्या वर".

संस्थेच्या वतीने मागायचं तर तीन गोष्टी लागतील असं कळलं: मंडळाचा ईआयएन (संस्थेचा कर क्रमांक), मी आज अधिकृत पदाधिकारी असल्याचा कागद, आणि त्या काळी मंडळाचा पत्ता तोच होता याचा पुरावा. पहिल्या दोन माझ्याकडे आहेत. तिसऱ्यासाठी २००६ ते २००९ मधलं मंडळाचं बँक स्टेटमेंट, वार्षिक अहवाल किंवा राज्याकडे भरलेला कुठलाही फॉर्म चालेल. त्या समितीवर असलेल्यांनी आपापल्या बेसमेंटमधली खोकी उघडावीत. नुसतं पाकीट सापडलं, त्यावर मंडळाचं नाव आणि तो पत्ता असला, तरी फोटो काढून मला पाठवा.

आणि पैसे आल्यावर त्यांचं काय करायचं याच्या सूचना आत्ताच नकोत. तीन सूचना आल्यात, त्यातल्या दोन श्रीखंडाच्या आहेत.

– खजिनदार