पायथनने झिप करताना सिमलिंक टिकत नाहीत: कुठे नकली प्रत, कुठे रिकामं फोल्डर

खाडीकाठ, रत्नागिरी

मिरकरवाडा, हर्णै, देवगड आणि मालवण अशा चार बंदरांच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांचं फोल्डर रोज रात्री झिप करून दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायचं आहे. दोन्हीकडे लिनक्स, पायथन ३.११. झिप बनते पायथनच्या शटिल मॉड्यूलमधल्या मेक_आर्काइव्हने.

प्रत्येक बंदराच्या फोल्डरात तीन सिमलिंक (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) आहेत. 'नकाशा' ही सामाईक फोल्डरातल्या एका मोठ्या फाइलकडे जाते, 'चालू' ही या महिन्याच्या फोल्डरकडे, आणि 'जुने' ही बाहेरच्या डिस्कवरच्या फोल्डरकडे. रात्री ती डिस्क जोडलेली नसते.

झिप उघडली की नकाशा पूर्ण आकाराचा पाच वेळा दिसतो (मूळ प्रत धरून), 'चालू' रिकामं फोल्डर होतं आणि 'जुने' नावाचं काही नसतंच. एरर एकही येत नाही. फोल्डरांतून फिरणाऱ्या ओएस.वॉकला फॉलोलिंक्स ट्रू (लिंकच्या मागे जा) देऊन स्वतःचा कोड लिहिला तर सुटेल का? तक्ते बघणारे काही जण विंडोजवर आहेत, म्हणून झिपच हवी.

सुरमई, मालवण

फॉलोलिंक्स नको. त्याने लिंक टिकत नाही, उलट वॉक लिंकच्या आत शिरतो. एखादी लिंक वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर तोच पसारा पुन्हा पुन्हा आत भरला जातो.

तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी घडताहेत. मेक_आर्काइव्ह आतून वापरतं ते झिपफाइलचं राइट लिंकच्या मागे जाऊन मजकूर उचलतं, म्हणून नकाशाच्या प्रती. फोल्डरकडे जाणारी लिंक ओएस.वॉक फोल्डरांच्या यादीत देतो पण तिच्यात उतरत नाही. मेक_आर्काइव्ह त्या यादीतल्या प्रत्येक नावाची फोल्डर म्हणून नोंद करतं, म्हणून 'चालू' रिकामं. 'जुने' तुटलेली लिंक आहे. ती फाइलींच्या यादीत येते, मग 'ही खरी फाइल आहे का' या तपासणीत नापास होऊन गुपचूप वगळली जाते. एरर का नाही, ते इथेच कळतं.

झिपमध्ये सिमलिंक म्हणजे एक साधी नोंद: तिचा मजकूर म्हणजे लिंकचा पत्ता, आणि तिच्या एक्स्टर्नल_अॅटरमध्ये 'ही लिंक आहे' अशी खूण. ती नोंद हाताने करा.

वॉकमध्ये फोल्डर आणि फाइली या दोन्ही याद्यांतल्या प्रत्येक नावाला सगळ्यात आधी ओएस.पाथ.आयएसलिंक विचारा. आधी आयएसडीर विचारलंत तर ते लिंकच्या मागे जाऊन 'होय, फोल्डर' म्हणेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल. लिंक असेल तर आर्काइव्हमधलं नाव देऊन नवा झिपइन्फो (झिपमधल्या एका नोंदीची माहिती ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवा. नावाच्या शेवटी तिरकी रेघ नको, लिंक फोल्डरकडे जात असली तरी. झिपइन्फोचं फ्रॉम_फाइल इथे वापरू नका: तेही लिंकच्या मागे जातं, फोल्डर दिसलं की शेवटी रेघ लावतं आणि तुटलेल्या लिंकवर एरर देतं.

मग क्रिएट_सिस्टिम ३ करा, म्हणजे युनिक्स. लिनक्सवर ते आपोआप ३ असतं, विंडोजवर ० असतं, म्हणून स्पष्ट लिहिलेलं बरं. एक्स्टर्नल_अॅटर ३२ बिटांचा आहे, त्यातल्या वरच्या १६ बिटांत युनिक्सचा मोड बसतो. अष्टमान १२०७७७ हा आकडा १६ बिट डावीकडे सरकवून तिथे ठेवा. त्यातला १२०००० म्हणजे सिमलिंक, ७७७ म्हणजे परवानग्या. अष्टमान आकड्याआधी शून्य आणि ओ लावायला विसरलात तर सरकवलेला आकडा ३२ बिटांत मावत नाही आणि झिप बंद करताना पायथन एरर देतं. शेवटी राइटएसटीआरला हा झिपइन्फो आणि ओएस.रीडलिंकने मिळालेला पत्ता द्या. पत्ता ओएस.एफएसएनकोडमधून काढून बाइट स्वरूपात दिलात तर डिस्कवर आहे तसाच जातो.

नव्या झिपइन्फोची कॉम्प्रेशन पद्धत मुळात स्टोअर्ड असते. ती तशीच असू द्या, वीस-तीस बाइट दाबून काही वाचत नाही.

तपासायला अनझिपला कॅपिटल झेड पर्याय देऊन यादी काढा. लिंकच्या ओळीची सुरुवात एल अक्षराने व्हायला हवी. पायथनचाच आग्रह नसेल तर झिप आज्ञेला आर आणि वाय हे दोन पर्याय दिले की हे सगळं ती स्वतः करते.

बांगडा, देवगड

सुरमई यांनी भरायची बाजू नीट सांगितली, पण उघडायची बाजू राहिली आणि गोंधळ तिथेच जास्त होतो. पायथनचं झिपफाइल.एक्स्ट्रॅक्टऑल लिंक परत बनवत नाही. 'चालू' नावाची छोटी मजकूर फाइल बनते आणि आत पत्ता लिहिलेला असतो. झिप बरोबर असूनही ती बिघडली असं वाटतं. दुसऱ्या सर्व्हरवर अनझिप आज्ञाच वापरा. विंडोजच्या एक्स्प्लोररमध्येही लिंक म्हणून काही मिळणार नाही, म्हणून तक्ते बघणाऱ्यांसाठी खऱ्या फाइलींची वेगळी झिप काढा. एकाच झिपमध्ये दोघांना खूश करायला जाऊ नका.

सर्व्हर ते सर्व्हर पाठवायला मात्र टार (युनिक्सचा आर्काइव्ह प्रकार) घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. टारफाइल मुळातच सिमलिंक जशीच्या तशी ठेवते, डीरेफरन्स ट्रू केलंत तरच मागे जाते. उघडताना फिल्टर 'डेटा' द्या. पायथन ३.१२ पासून तो भाषेचा भाग आहे, ३.११ च्या नंतरच्या दुरुस्त्यांतही आला, आणि ३.१४ पासून काही न सांगता तोच लागतो. तो पूर्ण पत्त्याची किंवा फोल्डरबाहेर जाणारी लिंक नाकारतो. हे हवंच आहे: नाहीतर आधी बाहेर जाणारी लिंक, मग तिच्या आतून लिहिलेली फाइल, असा सापळा रचून कोणीही तुमच्या सर्व्हरवर भलतीकडे लिहू शकतो. तुमची 'जुने' यातच अडकेल. ती आर्काइव्हमध्ये घेऊच नका, बाकीच्या लिंक सापेक्ष पत्त्याने बांधा.

वेळास_किनारा

फाइलींची नावं मराठीत असतील तर आणखी एक बघा. 'किनाऱ्याचा नकाशा' मधला ऱ दोन प्रकारे साठतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खालचा नुक्ता असा सुटा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नाव सुटं करून ठेवते, पण लिंकच्या आतल्या पत्त्याला हात लावत नाही. मॅकवर चालतं. तीच झिप लिनक्सवर उघडली की नाव आणि पत्ता यांचे बाइट जुळत नाहीत आणि लिंक तुटते, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. भरण्याआधी नाव आणि पत्ता दोन्ही युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझमधून एनएफसी (म्हणजे जोडलेलं, एकाच अक्षराचं रूप) करून घ्या. कोणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) जोडून तोच आकार टाइप केला असेल तर नॉर्मलाइझनेही तो ऱ होत नाही. तिथे फाइलचं नावच बदलावं लागतं.

खाडीकाठ, रत्नागिरी

'जुने' वगळली, बाकीच्या लिंक सापेक्ष केल्या. यादीत आठही लिंकपुढे एल दिसतो आणि नकाशा एकदाच आहे. फक्त सगळ्या लिंकची तारीख १ जानेवारी १९८० का?

सुरमई, मालवण

झिपइन्फोला तारीख दिली नाही की तीच बसते, झिपचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. ओएस.एलस्टॅटमधली बदलाची वेळ टाइम.लोकलटाइमला द्या आणि पहिले सहा घटक डेट_टाइममध्ये भरा. स्टॅट नको, एलस्टॅटच, नाहीतर लिंकऐवजी नकाशाची तारीख येईल. झिपमध्ये सेकंद दोनच्या पटीत साठतात, त्यामुळे तारखा ताडून पाहणारी स्क्रिप्ट असेल तर तिला दोन सेकंदांची सूट द्या.