फोटोतली गाडी फोर्ड मॉडेल टी की दुसरीच? बॅज झाकलेला असेल तर काय तपासायचं?

सेपिया_पान

नमस्कार. पोस्टकार्ड आकाराच्या कृष्णधवल फोटोतली एक उघडी टूरिंग गाडी (चार-पाच जणांची, कापडी छपराची) ओळखायची आहे. फोटो तिरका घेतलाय, त्यात गाडीची डावी बाजू आणि नाक दिसतं. रेडिएटरला टेकून एक माणूस उभा आहे, त्यामुळे बॅज झाकला गेलाय. हबकॅपवर काहीतरी आहे, पण वाचता येत नाही.

बाकी दिसतं ते असं: लाकडी आरे, प्रत्येक चाकाला १२. विजेचे हेडलाइट. स्टिअरिंग डावीकडे. पुढच्या डाव्या दाराला बाहेरून मूठ नाही. टायर अरुंद. गाडी काळी दिसते. कार्डाच्या मागे तिकिटाच्या चौकटीत ‘अ‍ॅझो’ अशी अक्षरं आणि चार कोपऱ्यांत त्रिकोण आहेत, दोन वर टोक केलेले, दोन खाली.

ज्यांनी पाहिला त्या सगळ्यांचं म्हणणं एकच: काळी आहे, लाकडी आरे आहेत, म्हणजे मॉडेल टी. पण मला बॉनेट टीच्या मानाने लांब वाटतं. नुसत्या ‘वाटण्या’पलीकडे कसं जायचं? स्कॅन ६०० डीपीआयचा आहे.

पाटा_स्प्रिंग

काळा रंग आणि लाकडी आरे हे पुरावे बाजूला ठेवा. टी फक्त काळ्या रंगात मिळायची ती १९१४ ते १९२५ एवढ्याच काळात. आधी आणि नंतर दुसरे रंगही होते. आणि त्या काळात काळी गाडी विकणारे इतरही होते. लाकडी आरे तर निम्म्याहून जास्त अमेरिकी गाड्यांना होते.

आधी रेडिएटरच्या खाली बघा. टीला पुढे एकच पाट्याची स्प्रिंग असते आणि ती आडवी, म्हणजे एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे. तिचा मधला भाग चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पुढच्या आडव्या पट्टीखाली बसवलेला असतो. त्यामुळे टीच्या नाकापुढे काहीच बाहेर येत नाही. रेडिएटर संपला की गाडी संपली. इतर बहुतेक गाड्यांना पुढे दोन स्प्रिंगा असतात, चासीला समांतर, गाडीच्या लांबीत धावणाऱ्या. त्यांची पुढची टोकं धरायला चासीचे दोन्ही रूळ रेडिएटरच्या पुढे शिंगांसारखे वाकून आलेले दिसतात. माणसाने बॅज झाकला तरी ही शिंगं सहसा त्याच्या गुडघ्याच्या आसपास दिसतातच. शिंगं असतील तर टी नाही. १९२८ ते १९३१ची फोर्डची मॉडेल एसुद्धा नाही, कारण तिलाही आडवीच स्प्रिंग होती.

दुसरं, पुढचं डावं दार. अमेरिकेत बनलेल्या टूरिंग टीला १९२६च्या मॉडेलपर्यंत ते दार नव्हतंच, पत्र्यात दाबून काढलेली नुसती रेघ होती. पण मूठ नाही यावरून निष्कर्ष काढू नका. त्या काळच्या कित्येक उघड्या गाड्यांच्या मुठी आतल्या बाजूला असत. बिजागऱ्या शोधा. दाराच्या कडेला वर-खाली दोन गाठी दिसल्या तर दार खरं आहे. कॅनडात बनलेल्या टीला मात्र तिथेही खरं दार असे, म्हणून ही खूण स्प्रिंगेपेक्षा दुय्यम.

काच_निगेटिव्ह

मोजमापं घेण्याआधी फोटो उलटा छापला गेला नाही ना ते बघून घ्या. काचेची निगेटिव्ह उलट बाजूने ठेवली की डावं-उजवं बदलतं आणि मग स्टिअरिंगवरून काढलेलं सगळं चुकतं. माणसांच्या कोटाचा वरचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो, आणि पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते. दोन-तीन माणसांचे कोट तपासा. एकावर विसंबू नका, घडी उलटी पडलेली असू शकते. कुठे पाटी किंवा नंबर प्लेट असेल तर प्रश्नच मिटला.

रंगाबद्दल अजून एक. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही. तिच्यावर गडद लाल गाडी काळीच येते आणि निळी अपेक्षेपेक्षा फिकट येते. १९२०च्या दशकात साध्या कॅमेऱ्यांत बहुतेक अशीच फिल्म असे. म्हणून ‘काळी दिसते’ एवढंच म्हणता येतं.

कार्डाचं चिन्ह उपयोगी आहे. अ‍ॅझो या फोटोकागदावर चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर तो साधारण १९०४ ते १९१८चा, दोन वर दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०चा. तुमचं कार्ड दुसऱ्या प्रकारचं. ही तारीख कागदाची आहे, गाडीची नाही. गाडी तेव्हा नवी होती की आठ वर्षं जुनी, हे कागद सांगणार नाही.

स्कॅन पुन्हा करा: १२०० डीपीआय, १६ बिट ग्रेस्केल, टिफ. शार्पनिंग बंद. आणि फोटो ‘सुधारून’ देणारी एआयची साधनं या कामात अजिबात वापरू नका. हबकॅपवरच्या धूसर ठिपक्यांच्या जागी ती स्वतःच्या मनाने अक्षरं भरतात, आणि मग तीच अक्षरं पुरावा म्हणून फिरत राहतात. कागदाला चकाकी असेल तर दिवा एका बाजूने, कागदाशी २०–३० अंशांवर धरून कॅमेऱ्याने वेगळा फोटो घ्या. चंदेरी झालेल्या गडद भागातला तपशील कधीकधी त्यात उघडा पडतो.

व्हीलबेस_मोजा

बॉनेट लांब ‘वाटतं’ ते आकड्यात आणता येतं. चाकाची रुंदी ही तुमची मोजपट्टी.

तिरक्या फोटोत चाक लंबवर्तुळ दिसतं. त्याची उंची साधारण तशीच राहते, आडवी रुंदी मात्र कोनामुळे कमी होते, आणि दोन चाकांमधलं अंतरही त्याच प्रमाणात कमी होतं. म्हणून आडव्याची तुलना आडव्याशीच करायची. पुढच्या आणि मागच्या चाकाची आडवी रुंदी पिक्सेलमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. जवळचं चाक मोठं आणि लांबचं लहान दिसतं, तो फरक यात भरून निघतो. मग एका हबच्या मध्यापासून दुसऱ्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर त्या संख्येने भागा.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, पुढचं चाक वळवलेलं असेल तर त्याची रुंदी बाद. तेव्हा हे गणित करूच नका. दुसरी, टायरची पलीकडची कड धरली की लंबवर्तुळ फुगतं. फक्त तुमच्या बाजूच्या तोंडाची कड धरा.

ताडून बघायला: टीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर) १०० इंच आणि टायर ३० इंची, म्हणजे गुणोत्तर ३.३३. मॉडेल ए १०३.५ इंच. १९२८–२९ला ४.५०-२१ टायर, म्हणजे बाहेरून सुमारे ३० इंच, गुणोत्तर ३.४५. १९३०–३१ला ४.७५-१९, म्हणजे २८.५ इंच, गुणोत्तर ३.६३. टायरच्या आकड्यांत घोळ होतो तो इथे: जुन्या पद्धतीत ३०×३½ मधला ३० हा टायरचा बाहेरचा व्यास असतो, नव्या पद्धतीत २१ हा रिमचा.

तीन टक्क्यांची चूक गृहीतच धरा.

सेपिया_पान

तिघांचेही आभार. १२०० वर स्कॅन केलं. कोट तपासले, फोटो सरळ आहे. माणसाच्या पायांच्या दोन्ही बाजूंना चासीची शिंगं स्पष्ट दिसतात. दाराला दोन बिजागऱ्या आहेत.

पुढचं चाक सरळ आहे, रुंदी १६० पिक्सेल. मागचं १४८. हबपासून हबपर्यंत ५४८. वर्गमूळ १५३.९ आलं, गुणोत्तर ३.५६.

मागच्या चाकाच्या मागे, चासीच्या टोकावरून वर वळून खाली आलेला पाट्याचा तुकडा दिसतो. आणि रेडिएटरच्या कवचावर, माणसाच्या खांद्याच्या वर, एका गोल चकतीची अर्धी कड.

आरे_बारा

मग टी नाही, हे पक्कं. ३.५६ला टायर ३० इंची धरला तर व्हीलबेस १०७ येतो, ३१ धरला तर ११०, ३२ धरला तर ११४. टीच्या १०० इंचात बसायला टायर २८ इंची लागेल, तो टीला कधीच नव्हता.

आता काळ. पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम आहेत का? अमेरिकेत पुढचे ब्रेक १९२४ ते २८ दरम्यान सर्रास झाले. ड्रम दिसले तर गाडी त्याआधीची नाही. न दिसले तर मात्र तो कल आहे, पुरावा नव्हे. टायर अरुंद आहेत हेही तसंच. फुगीर बलून टायर फायरस्टोनने १९२३मध्ये आणले आणि दोन-तीन वर्षांत पसरले, पण अनेकांनी ते नंतर बसवून घेतले, त्यामुळे रुंद टायर पाहून गाडी नवी ठरवायची नाही. असलेली गोष्ट ‘याआधी नाही’ एवढं ठरवते, तेही मूळची असेल तरच. नसलेली गोष्ट फार कमी ठरवते. हेडलाइट, बंपर, चाकं आणि रेडिएटरच्या टोपणावरचा तापमापक हे सगळं मालक बदलू शकतो. चासीची शिंगं, स्प्रिंगांची मांडणी, व्हीलबेस आणि रेडिएटरचं कवच सहसा कोणी बदलत नाही.

गोल बॅज, पुढे समांतर स्प्रिंगा, मागे तो वर वळलेला पाटा, ३२ इंची टायरला ११४ इंचांचा व्हीलबेस: हे सगळं एकत्र डॉज ब्रदर्सकडे नेतं. त्यांचा व्हीलबेस १९१७ ते १९२३ या काळात ११४ इंच होता, मागे पाऊण-लंबवर्तुळी स्प्रिंग होती (वर वळलेला पाटा हा तिचाच भाग), आणि बॅज गोल, मध्ये एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण. १९२४ला व्हीलबेस ११६ झाला आणि मागची स्प्रिंग बदलली. त्यामुळे तो वळलेला पाटा हा तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा तपशील आहे.

पण लगेच शिक्का मारू नका. १९२२च्या चार सिलिंडरच्या ब्युइकचा व्हीलबेस १०९ इंच आणि टायर ३१ इंची, म्हणजे गुणोत्तर ३.५२. तुमच्या मोजमापाच्या चुकीत ते सहज बसतं. गुणोत्तराने टी बाद झाली, ब्युइक नाही. ती बाद करायची असेल तर रेडिएटर कवचाची वरची कमान आणि बॉनेटवरच्या फटींची संख्या, तिथे दोन्ही गाड्यांच्या खात्रीच्या फोटोंशी तुलना करा. तुलनेसाठी कारखान्याची छापील चित्रं घ्या. दुरुस्त करून प्रदर्शनात ठेवलेल्या गाड्यांवर चुकीच्या वर्षाचे भाग सर्रास असतात.

पाटा_स्प्रिंग

बॉनेटच्या फटी मोजताना शेवटची फट मडगार्डच्या सावलीत लपते, ती धरून मोजा.

आणि एक सर्वसाधारण गोष्ट, पुढच्या फोटोंसाठी. मागच्या बॉडीवरून कंपनी ठरवू नका. महागड्या गाड्यांची नुसती चासी विकली जायची आणि बॉडी दुसराच कारखाना बांधायचा. काचेच्या पुढे बघा. रेनोचा रेडिएटर १९२०च्या दशकात बराच काळ इंजिनच्या मागे होता, म्हणून नाक उतरतं आणि पुढे जाळी नाही. डेलोने-बेलविलचं नाक गोल. पॅकार्डच्या कवचाला खांदे. पिअर्स-अ‍ॅरोचे दिवे बहुतेक वेळा थेट मडगार्डांतून उगवलेले. अशा गाड्यांना बॅज लागतच नाही.

काच_निगेटिव्ह

फोटोच्या नोंदीत फक्त ‘डॉज’ लिहू नका. असं लिहा: ‘बहुधा डॉज ब्रदर्स टूरिंग, १९१७–२३. आधार: पुढे समांतर स्प्रिंगा, मागे पाऊण-लंबवर्तुळी स्प्रिंग, गोल बॅजची कड, गुणोत्तर ३.५६. ब्युइक बाद झालेली नाही. कार्डाचा कागद १९१८–३०.’ सोबत मूळ स्कॅन, कुठलीही काटछाट न केलेला. पेन्सिलने, कार्डावर नव्हे, पाकिटावर.

सेपिया_पान

फटी मोजतो आणि कवचाच्या कमानीचा तुकडा कापून इथे टाकतो.