फ्लेवर्ड योगर्ट रोज दिलं तर चालतं का? (आणि घरात १२ कप पडलेत)

कोथरूडची_आई
मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. साधं दही म्हटलं की नाक मुरडतो पण स्ट्रॉबेरी योगर्टचा कप दिला की चाटूनपुसून रिकामा, झाकणसुद्धा सोडत नाही. सासूबाई म्हणतात दहीच तर आहे, खाऊ दे की, आणि नवरा म्हणतो ही निव्वळ साखर आहे. दोघं बोलून मोकळे, डबा मी भरते. त्यात मागच्या आठवड्यात सहावर सहा फ्री होते म्हणून बारा कप उचलून आणले (हो, माहितीये) आणि काल बघितलं तर तारीख येत्या शनिवारची. तर रोज एक कप दिला तर चालेल का आणि हे बारा संपवायचे कसे? कपावर लिहिलंय ते देते, १०० ग्रॅमला ९६ कॅलरी, प्रोटीन ३.५, फॅट २, कार्ब १६, त्यात टोटल शुगर १५ आणि ॲडेड शुगर १०. यातलं नक्की बघायचं काय तेच कळत नाही.

लेबलवाचक
ॲडेड शुगर बघा. टोटलमधले बाकीचे ५ म्हणजे मुख्यतः दुधातलीच साखर, लॅक्टोज, ती साध्या दह्यातही असते, तिचं टेन्शन नको. वरून घातलेली १० ग्रॅम म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की अशी साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अजून बरं. या वयाच्या मुलाला दिवसाला १४०० कॅलरी धरल्या तर ते होतात ३५ आणि १७ ग्रॅम. कपातच १० गेले, मग बिस्किटं, सॉस, दुधात घालायची ती चॉकलेटची पावडर कुठे बसवणार? घटकांची यादी पण वाचा, जे जास्त ते आधी लिहितात. माझ्याकडच्या कपावर दुधानंतर लगेच साखर आहे आणि स्ट्रॉबेरी पार शेवटाकडे, रंगाच्या शेजारी.
पण विष नाहीये हो ते. प्रोटीन, कॅल्शियम दह्यातलंच आहे. आठवड्यातून एकदोनदा गोड खाऊ म्हणून द्या, "दही खाल्लं" म्हणून मोजू नका.

रिटायर्ड_डेअरीवाला
ताई, सासूबाईंना सांगा की हे दही नाही, श्रीखंडाचं धाकटं भावंड आहे. चक्का, साखर, वेलची घातली की आपण त्याला पक्वान्न म्हणतो आणि पाडव्याला करतो, रोज डब्यात देतो का? श्रीखंडात साखर याच्या कितीतरी पट असते हे खरं, पण जात तीच.
दुसरं म्हणजे कप फ्रीजमधला आहे की बाहेरच्या शेल्फवरचा ते बघा. जो बाहेर महिनोन्महिने टिकतो तो विरजल्यानंतर परत तापवलेला असतो, म्हणजे दह्यातले जिवंत जंतू संपले, पोटाला बरं म्हणून खात असाल तर उपयोग नाही. फ्रीजवाल्यात असू शकतात, पण मग तो एप्रिलच्या उन्हात दप्तरात चार तास ठेवू नका, आंबतो आणि झाकण फुगतं. शाळेतून आल्यावर द्या.

सिंहगड_दर_रविवार
काकांनी आता सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर!! मागे घरातलं विरजण संपलं होतं आणि रात्री अकरा वाजता खाली कोण जाणार म्हणून अर्धा लिटर कोमट दुधात असलाच बाहेर टिकणारा स्ट्रॉबेरी कप कालवला. सकाळी पातेल्यात गुलाबीसर दूध तसंच्या तसं आणि वर वास सुटलेला, सगळं मोरीत. बायको अजून पाहुण्यांना सांगते.
बाकी मुलाला एकदा सिंहगडावर न्या आणि चालत चढवा. वर मडक्यातलं दही मिळतं ना, मातीने पाणी शोषून घेतलेलं, चमचा उभा राहील असं घट्ट, त्यावर चिमूटभर साखर. माझी मुलगी घरी दह्याला हात लावत नाही, तिथे दोन मडकी खाते.

मधली_सून
बारा कपांचं सांगते. आंबा किंवा व्हॅनिला असेल तर सरळ पीयूष करा, दोन कपांना अर्धी वाटी ताजं बिनआंबट ताक, जायफळ किसून, दोन काड्या केशर, रवीने घुसळायचं आणि साखर अजिबात घालायची नाही. स्ट्रॉबेरीचे कुल्फीच्या साच्यात ओतून फ्रीजरला टाका, साखर असल्यामुळे साध्या दह्यासारखा दगड होत नाही. दोन कप बिनअंड्याच्या केकमध्ये दह्याच्या जागी जातील, आंबटपणाने सोडा फुलतो, फक्त केकची साखर चार चमचे कमी करा.
आणि मुलाला एकदम तोडू नका, रुसेल. मी माझ्याकडे पहिला आठवडा अर्धा कप हे आणि अर्धं घरचं दही असं कालवून दिलं, मग पाव कप, मग घरचंच. दही पंचात दोन तास टांगायचं, नाहीतर डेअरीतून चक्का आणायचा, आणि त्यात पिकलेला चिकू कुस्करायचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की ती चिरून एक चमचा साखरेत पाच मिनिटं शिजवून गार करून घालते, कच्ची घातली की पाणी सुटून सगळं पातळ होतं. पंचातून गळलेल्या पाण्यात थालीपिठाचं पीठ भिजवा, फेकू नका. गूळ घातला की साखर नाही असं मात्र समजू नका, माझ्या नणंदेचा हा गैरसमज अजून गेलेला नाही.

कोथरूडची_आई
सगळ्यांना थँक्यू! आंब्याच्या चार कपांचं पीयूष झालं, सासूबाई म्हणाल्या कुठल्या दुकानातून आणलंस, मी काही बोलले नाही. तीन साच्यात गेले. अर्धं-अर्धं चालू केलंय, पहिल्या दिवशी त्याने विचारलं आज गुलाबी कमी का, मी म्हटलं स्ट्रॉबेरीचा सीझन संपत आलाय, खाल्लं. ब्लूबेरीचं पीयूष मात्र कोणी करू नका, नवरा पेला बघून म्हणाला चुन्यात नीळ कालवलीस का.